आधी भोक

लाजवर्दाचं, म्हणजे निळ्या लॅपिस लाझुली दगडाचं, पान कोरायला मला तीन संध्याकाळी लागल्या. मधली शीर, कडेची हलकी वळणं, सगळं मनासारखं उतरलं होतं. शेवटी देठाशी भोक पाडायला घेतलं आणि ड्रिल पलीकडे निघता निघता देठच उडाला.

तुकडा भिंगाखाली धरला तेव्हा कारण कळलं. लाजवर्द म्हणजे एकच खनिज नव्हे. निळाई लाझुराइटची, सोनेरी ठिपके पायराइटचे आणि पांढऱ्या रेघा कॅल्साइटच्या. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर पायराइट ६ च्या पुढे, कॅल्साइट अवघा ३. अशीच एक पांढरी रेघ माझ्या देठातून आडवी गेली होती. निळ्यावर ती सुरेख दिसली म्हणूनच तर मी देठ तिथे आखला होता!

तेव्हापासून क्रम बदलला. आधी भोक, मग कोरीव काम. तेही दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं, मध्ये भेटेल असं. एकाच बाजूने आरपार गेलं की टोक बाहेर पडताना टवका उडतो. दगडावर पाणी कायम हवं, म्हणजे टोक तापत नाही आणि धूळ उडत नाही. अकीक (अ‍ॅगेट), स्फटिक या दगडांची कोरडी धूळ सिलिकाची असते. तिने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो आणि तो बरा होत नाही. यात हयगय अजिबात नको.

पुढचं पान नेफ्राइटचं, म्हणजे एका जातीच्या जेडचं, केलं. कठीणपणात तो ६ ते ६.५, म्हणजे अकीकाहून जरा मऊच. पण त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, त्यामुळे तो विलक्षण चिवट. देठ नखाइतका पातळ केला, तरी भोकाशी साधी चीरही गेली नाही.

त्याला लाल अकीकाचे ८ मिलिमीटरचे मणी. दुहेरी रेशमी दोरा आणि दोन मण्यांमध्ये एकेक गाठ. गाठ सैल ठेवायची, फासात सुई घालून ती मण्यापर्यंत सरकवायची, मग सुई काढत ओढायचं. गाठींमुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मणी निसटतो. हे काम मला कोरण्याहूनही आवडतं. सत्तेचाळीस गाठी झाल्या आणि माळ हातात सापासारखी लवचीक वळली, तेव्हा किती वेळ मी ती नुसती ओंजळीत धरून बसले होते.

मोडलेलं लाजवर्दी पान टाकवेना. त्याच्या टोकाकडचा भाग निखळ निळा होता, एकही रेघ नाही. तिथे दोन्ही बाजूंनी भोक पाडलं. आता ते उलटं लोंबतं, मोडका देठ खाली. आज तेच माझ्या गळ्यात आहे.