नडगीचं दुखणं आणि मी

पळायला लागलीस की गुडघे जातील, असं सगळ्यांनी बजावलं होतं. नडगीचं नाव कोणी काढलं नव्हतं. सोसायटीबाहेरच्या सिमेंटच्या रस्त्यावर सुरुवातीलाच नडगीच्या आतल्या कडेला ठणका, अंग तापलं की गायब आणि घरी जिना चढताना पुन्हा हजर! आईने लगेच आंबेहळदीचा लेप काढला. (आमच्याकडे ताप सोडून सगळ्यावर लेप असतो.)

फिजिओथेरपिस्ट बाईंनी अंगठा दाबत नडगीवरून खाली आणला. घोट्याच्या वर वीतभर पट्टा दुखत होता. ‘बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखलं असतं, तर मला जास्त काळजी वाटली असती,’ त्या म्हणाल्या. पट्टाभर दुखणं म्हणजे बहुतेक शिन स्प्लिंट्स, पळण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला येणारं दुखणं. एकाच ठिपक्यावर, रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती सुरुवातीला एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतही नाही.

पळणं काही काळ बंद, सायकल चालू. बर्फाने बरं वाटतं, पण तेवढंच. खरं काम पोटरीचं. चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, आधी गुडघा ताठ, मग किंचित वाकवून. वाकवला की आतल्या सोलियस स्नायूवर भार येतो. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर ओट्याला धरून माझं हेच चालतं.

आता वेताळ टेकडीच्या मातीवर थोडं चालणं, थोडं पळणं, पावलं मुद्दाम लहान. कॉलेजची पोरं ‘काकू, साइड!’ म्हणत पुढे जातात. जा बाबांनो.