बॅकोला कुठला टायर घालायचा?

टायर विचारायला येणारा माणूस आधी मशीनचं नाव सांगतो. मी उलट विचारते, मशीन दिवसभर कुठे राबतं आणि संध्याकाळी घरी कसं येतं? दुसऱ्या प्रश्नावर लोक थबकतात. पण गोव्यात टायरचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

आमचा धंदा डिचोलीत, मशिनरी भाड्याने देण्याचा. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. आमचे बॅको, म्हणजे पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेले जेसीबी, ट्रेलरवर क्वचितच चढतात. सकाळी साखळीत पाइपलाइनचा चर, दुपारी अस्नोड्यात घराचा पाया, आणि मधलं सगळं अंतर डांबरावरून, स्वतःच्या चाकांवर. आठ टनांच्या जवळपासचं मशीन रोज असं डांबर घासत असेल, तर टायर निवडताना तो रस्ताही साइटइतकाच मोजायला हवा.

बॅकोचा मागचा टायर बहुधा १६.९-२८ असतो. म्हणजे रुंदी १६.९ इंच, रिमचा व्यास २८ इंच. मोठ्या ट्रॅक्टरलाही हाच साइज येतो आणि घोळ इथूनच सुरू होतो. दुकानात ट्रॅक्टरचा टायर स्वस्त मिळतो, रिमवर बसतोही. पण तो शेतीचा, आर-१ नक्षीचा. त्याचे लग, म्हणजे नक्षीतले रबराचे उंचवटे, उंच आणि दूर दूर असतात, चिखल धरायला आणि सोडायला. डांबरावर ते लग भराभर झिजतात आणि दगडावर त्यांचे कोपरे तुटतात. बॅकोला आर-४ हवा: लग बुटके, रुंद, जवळ जवळ. शेजारी प्लाय रेटिंगही वाचा. १२ पीआर लिहिलंय म्हणजे आत कापडाचे बारा थर मोजून घातलेत असं नाही, ती ताकदीची श्रेणी आहे. बकेट भरून मशीन वळतं तेव्हा पुढच्या छोट्या चाकांवर किती भार येतो ते एकदा उभं राहून बघा, मग पुढच्या टायरला कमी प्लायचा घेऊन पैसे वाचवावेसे वाटणार नाहीत.

रेडियल (आतले धागे सरळ आडवे) की नायलॉन (धागे तिरके, एकमेकांवर फुली मारून), हा वाद आमच्या पंक्चरवाल्या काकांच्या दुकानात कायम रंगतो. रेडियल कमी तापतो, लांब धावेला उत्तम. पण त्याची साइड, म्हणजे बाजूची भिंत, मऊ असते, आणि आमच्याकडे टायर मरतो तो बहुतेक वेळा साइड कापूनच. चिऱ्याच्या खाणीत, पाडलेल्या जुन्या घराच्या सळ्यांत, खडी फोडणाऱ्या क्रशरवर काळ्या दगडाच्या धारेत. म्हणून बॅकोला मी नायलॉनच घालते.

पावसाळ्याचं गणित तर वेगळंच आहे. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, कारण पाणी दगडाच्या धारेला रबरात सरकायला मदत करतं. जूनमध्ये क्रशरवरच्या मशीनला गुळगुळीत टायर ठेवून 'अजून एक सीझन निघेल' म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, काढा तो. तोच टायर मेमध्ये सपाट कोरड्या प्लॉटवर चालला असता. आणि खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीत, काम असेल तर टायरचा विचारच करू नका, चेनवालं पोकलेन मागवा. त्या चिखलात चाकाचं मशीन कुठल्याही नक्षीने तरत नाही.

व्हील लोडरची, म्हणजे ढिगारा उचलून ट्रकमध्ये भरणाऱ्या चाकाच्या मशीनची, गोष्ट निराळी. तिथे एल-२, एल-३, एल-५ अशी नावं येतात. एल-२ मऊ मातीसाठी, एल-३ दगडासाठी, आणि एल-५ ची नक्षी एल-३ च्या अडीचपट खोल. खोल म्हणजे चांगली, असं वाटून लोक एल-५ घेतात. पण जाड रबरात उष्णता कोंडते, बाहेर पडत नाही. लोडर क्रशरच्या ढिगाऱ्यापाशीच मागेपुढे करत असेल तर एल-५ सोन्यासारखा टिकतो, पण तोच लोडर रोज एका साइटवरून दुसरीकडे रस्त्याने पळवलात तर आतले थर सुटायला लागतात.

जुना टायर घेणाऱ्यांसाठी थोडं. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा आमचा लोडर आवारात उभाच राहिला. नक्षी नव्यासारखी, पण ऊन, पाऊस आणि एकाच जागी पडलेलं वजन यांनी साइडला भेगा गेल्या. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या आणि असे दिसायला नवे टायर बाजारात बरेच आले. म्हणून नक्षीआधी साइडवरचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे टायर बनला तो २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मग लग आणि साइड यांच्या मधल्या खोबणीत बोट फिरवा, भेगा हाताला लागतात.

फोर-व्हील ड्राइव्ह मशीनला पुढचे आणि मागचे टायर एकमेकांच्या हिशेबाने बसवलेले असतात. पुढे भलताच साइज घातला की गिअर आणि अॅक्सल एकमेकांशी भांडत चालतात. लोडरच्या एकाच अॅक्सलला एक नवा आणि एक झिजलेला टायरही म्हणूनच नको.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. प्रेशर मशीनच्या पुस्तकातून घ्यायचं, आजूबाजूच्या ऑपरेटरला विचारून नाही. कमी हवेत साइड वाकून वाकून तापते, जास्त हवेत टायर ताणलेला असतो आणि दगडाची धार पटकन आत शिरते.

आणि लोडरच्या रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर अडकवून धरणारी लोखंडी कडी, असेल तर हवा भरायचं काम साइटवर हातघाईने करू देऊ नका. रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटून उडते, माणूस जागेवर जातो. आमच्याकडे असा टायर पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइपने, बाजूला उभं राहूनच भरतात. ऑपरेटर म्हणतो, ''ताई, गिऱ्हाईक खोळंबलंय.'' मी म्हणते, खोळंबू दे, त्यांना फोन मी करते.