राखेचा माग काढत टोबाला

जुन्नर तालुक्यात बोरी गावाला कुकडीच्या काठावर पांढुरक्या राखेचा थर आहे. मी शाळेत असताना बाबांनी तो दाखवला होता. नख लावलं की राख पिठासारखी सुटते. अभ्यासक तिचं नातं इंडोनेशियात सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जोडतात. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याआधीच्या, यावर मात्र मतभेद आहेत. ३००० किलोमीटरांहून लांबून आलेली ही राख निघाली कुठून, ते डोळ्यांनी पाहायचं बाबांच्या फार मनात होतं. यंदा त्यांना घेऊन गेले.

क्वालालंपूरमार्गे सुमात्रातल्या मेदान शहरात उतरलो. तिथून बहुतेक जण चार-पाच तासांत थेट सरोवराकाठचं पारापत गाठतात आणि बोटीने सरोवरातल्या सामोसीर बेटावर जातात. माझं ऐकाल तर आधी बेरास्तागीला मुक्काम करा आणि सिपिसो-पिसो धबधब्यावरून पुढे जा. पठारावरून चालत चालत अचानक जमीन संपते. कड्यातून पाणी १२० मीटर खाली झेपावतं आणि त्याही खाली टोबा सरोवर पसरलेलं दिसतं. तो कडा म्हणजेच कॅल्डेराची, उद्रेकात झालेल्या अवाढव्य खड्ड्याची कड. बेटावर आधी गेलात तर आपण कशाच्या आत उभे आहोत ते कळतच नाही.

स्फोटाने डोंगर उडाला आणि खड्डा पडला, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात इथे जमीन खाली बसली. काही किलोमीटर खोलवर शिलारसाचं कोठार हजारो वर्षं भरत राहतं. छताला तडे गेले की दाब उतरतो आणि रसात विरघळलेले वायू सोड्याच्या बाटलीसारखे फसफसून बाहेर येतात. रसाची राख होते. कोठार रितं होत जातं तसा छताचा आधार सुटतो, आणि कडेच्या भेगांवरून अख्खं छत खाली येतं. येताना उरलेला रसही पिळून वर काढतं. बाबा एवढंच म्हणाले, "माळवदाखालचा खांब सरकला की असंच होतं गं."

या माळवदाचं माप सांगते. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महाउद्रेकात अंदाजे २८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. सरोवर सुमारे १०० किलोमीटर लांब, ३० रुंद आणि ५०० मीटर खोल आहे. हा सगळा खड्डा एका दिवसाचा नाही. गेल्या १२ लाख वर्षांत इथे चार मोठे उद्रेक झाले. (आपलं लोणार उल्केच्या आघाताचं. दोन्हीकडे गोल खड्डा आणि पाणी असलं तरी गोष्ट अगदी वेगळी.)

खरी नवलाई सामोसीरची. बसलेला तळ खालच्या उरलेल्या रसाने पुन्हा कित्येकशे मीटर वर उचलला, तेच हे बेट. वरच्या भागात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत सरोवराच्या तळाचा गाळ दिसतो, वहीच्या पानांसारखे पातळ थर. बाबांनी एक ढेकूळ बोटांत चुरलं आणि बराच वेळ हात झटकलाच नाही.

बेटावर तुक तुक या गावात राहा. स्कूटर भाड्याने मिळते; पण चढाचे रस्ते अरुंद आहेत, ज्येष्ठ सोबत असतील तर गाडीच करा. पांगुरुरानला बेट जमिनीला जवळजवळ चिकटलेलं आहे, तिथून पुलावरून पश्चिमेला जाता येतं. गरम पाण्याचे झरे तिथेच, पुसुक बुहित डोंगराच्या पायथ्याशी. त्यापुढे घाट चढून तेलेचा मनोरा लागतो, सरोवर वरून पाहायची जागा.

उंची ९०० मीटर, रात्री स्वेटर लागतो. इथले स्थानिक बाताक लोक बहुतांशी ख्रिस्ती आहेत, रविवारी सकाळी चर्चमुळे बरीच दुकानं बंद असतात. सामान शनिवारीच घ्या. जेवणात डुकराचं मांस सर्रास, त्यामुळे शाकाहारी असाल तर गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) मागा आणि त्यात मासे-कोळंबी नको, हे आवर्जून सांगा. रोख रुपिया मेदानलाच काढून ठेवा. परतीची बोट अंधाराच्या आत पकडा, आणि तेलेला सकाळीच जा. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा अर्धं सरोवर ढगांखाली गेलं होतं.