चोर्ला घाट उतरण्यापूर्वी

सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० बेळगावात घरी आली, तेव्हा आईने तिची पूजा केली आणि मी सर्व्हिसच्या नोंदी चाळत बसलो. या गाडीच्या सहा गिअरच्या डीएसजीमध्ये, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे ते तेल आणि त्याचा फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलावा लागतो. आधीच्या मालकाने नेमका तोच खर्च टाळलेला होता.

खरे डोळे उघडले ते ब्रेक ऑइलने. उद्यमबागेतल्या मेकॅनिकने चाकाजवळचा निपल सैल केला, तेव्हा नळीतून चहाच्या रंगाचा द्रव आला. बाटलीतला नवा मात्र फिकट पिवळा होता. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना सतत ब्रेक दाबत राहिल्यास द्रव उकळून पेडल मऊ पडते, म्हणजे ब्रेक नीट लागत नाही. म्हणून किलोमीटर कितीही कमी झाले असले, तरी दर २ वर्षांनी मी तो बदलणार आहे.

टायरचे भाव ऐकल्यापासून बाबा मात्र अजून गप्प आहेत.