मिनीचा दोन इंची बायपास होज बदलताना

जुनी मिनी (ती छोटी ब्रिटिश मोटार) ज्यांच्याकडे आहे त्यांना हा होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, ओळखीचा असतोच. वॉटर पंप आणि सिलिंडर हेडच्या मधे उभा बसवलेला, जेमतेम दोन इंचांचा रबरी तुकडा. वर हेड, खाली पंप, समोर फॅन आणि त्याला लागून रेडिएटर, कारण मिनीत इंजिन आडवं आहे आणि रेडिएटर बाजूला. बोट कसंबसं पोचतं पण बोटाबरोबर स्क्रू ड्रायव्हर नाही पोचत. आमच्या गाडीत हाच गळत होता.

पण तो हाच आहे हे कळायलाच खरा वेळ लागतो. इथून निघालेलं पाणी पंपाच्या अंगावरून खाली ओघळतं, थोडं फॅन उडवतो, आणि गाडीखाली डाग दिसला की सगळे म्हणतात पंप गेला. पंपाला खाली एक छोटं भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाणी येतं, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. त्यात अजून एक गंमत नाही तर डोकेदुखीच म्हणा, गळती थंड इंजिनला जास्त आणि गरम झाल्यावर बंद, कारण रबर आणि धातू तापून फुगतात आणि फट बुजते. म्हणजे इंजिन चालू करून वाकून बघत बसलात तर काहीच दिसत नाही.

म्हणून मी सगळं आधी कोरडं पुसून घेतलं आणि थंड इंजिनवरच रेडिएटरला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकंच प्रेशर दिलं. दादाने टॉर्च धरला आणि मी दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत घातला. थोडा वेळ काही नाही, मग होज आवळून धरणाऱ्या दोन क्लिपांपैकी खालच्या क्लिपच्या मागच्या कडेला कूलंटचा एक हिरवा थेंब हळूहळू मोठा झाला आणि पंपावरून घरंगळत अगदी त्या भोकाच्या शेजारून खाली गेला. एवढं डोळ्यांनी दिसल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही असं माझं ठाम मत आहे.

हा होज लागतो कशाला, तर इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (तापल्यावरच उघडणारी झडप) बंद असतो आणि पाण्याला रेडिएटरकडे जायची वाट नसते, तेव्हा ते हेडमधून या बायपासने परत पंपात येतं आणि इंजिनच्या आत फिरत राहतं, नाहीतर हेडमधे काही जागा पटकन तापतील. काही जण हा रस्ताच बुजवून टाकतात आणि थर्मोस्टॅटला भोकं पाडतात. चालतं ते, पण मला मूळ रचना ठेवायला आवडते. बाटलीतलं लीक बंद करायचं औषध मात्र अजिबात नको, ते हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसतं.

बदलायचे दोन मार्ग. एक म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा होज मिळतो, तो दाबून आखूड करून काहीही न उघडता मधे सरकवता येतो. रस्त्यात अडकलात तर उत्तम. पण आतला जुना गंज तसाच राहतो आणि क्लिप अंदाजानेच आवळाव्या लागतात, म्हणून घरी वेळ असेल तर मी दुसरा मार्गच सांगेन, रेडिएटर काढा, फॅन आणि पुली काढा, डायनॅमो सैल करा आणि पंपाचे चार बोल्ट काढून पंपच बाहेर घ्या. पाने इंचाचे लागतात, 7/16 आणि 1/2, मिलिमीटरवाले लावून बोल्टची डोकी गोल करू नका. आणि सुरुवात पूर्ण थंड इंजिनवरच, 15 पौंड प्रेशरच्या रेडिएटर कॅपखाली साधं पाणीसुद्धा साधारण 120 डिग्रीला उकळतं, गरम असताना कॅप उघडली की ते वाफ होऊन थेट अंगावर येतं. काढलेलं कूलंट लगेच झाकून ठेवा, चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांसाठी विष आहे.

जुना होज ओढत बसू नका, ब्लेडने उभा कापा. आमच्याकडे हेडच्या तोंडावर पांढरट खडबडीत थर चढला होता, नवा होज त्यावर चढवला असता तर तोही गळलाच असता. बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासलं, नख फिरवल्यावर कुठे अडकेना तेव्हा थांबले. मग साधा सरळ होज गरम पाण्यात मऊ केला, आत साबणाचं पाणी लावलं (ग्रीस नको, रबर फुगतं), दोन्ही क्लिप आधीच ओवून स्क्रूची डोकी हात पोचेल त्या बाजूला फिरवून ठेवली आणि होज पंपावर चढवून, नवं गॅस्केट लावून, पंप आणि होज एकदमच जागेवर नेले. इथे दुसरा माणूस हवाच, एकाने पंप धरायचा आणि दुसऱ्याने होजचं वरचं टोक हेडवर सरकवायचं. क्लिप बेताने आवळा, रबर कापलं जाईल इतकी नको.

भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा म्हणजे हवा अडकत नाही, आणि सावकाश ओता. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं. इंजिन एकदा पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ दिलं आणि परत प्रेशर देऊन आरसा घातला, क्लिपची कड कोरडी. तरी नवं रबर बसतं तशी क्लिप किंचित सैल होते, त्यामुळे थोडं चालवून झाल्यावर थंड इंजिनवर दोन्ही क्लिपचे स्क्रू अर्धा आटा आवळून बघायचे.