एरो बेटावर दोघांचंच रजिस्टर लग्न

जर्मनीत राहणाऱ्या आपल्याकडच्या जोडप्यांना तिथेच लग्न करायचं तर गाडी कागदांपाशी अडते. भारतातला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मिळणारा सरकारी शिक्का, जर्मनी मान्य करत नाही. जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला वगैरे कागदांची पडताळणी दूतावासामार्फत भारतात होते आणि त्यात महिने जातात. ही दगदग टाळायला अनेक जण शेजारचं डेन्मार्क गाठतात. आम्हीही तिथल्या एरो बेटावर जाऊन तेच केलं आणि पुन्हा करायचं झालं तरी असंच करू.

सुरुवात अर्जापासून करा, तिकिटं नंतर. अर्ज फॅमिलीरेट्सहूसेट या डेन्मार्कच्या सरकारी कार्यालयाकडे ऑनलाइन करायचा. पासपोर्टची सगळी पानं, अगदी कोरी आणि मुखपृष्ठसुद्धा, स्कॅन करून ठेवा. जर्मनीतला राहण्याचा परवाना आणि वैवाहिक स्थिती लिहिलेला नगरपालिकेचा विस्तारित रहिवास दाखला आम्ही जोडला होता. आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा अंतिम निकाल लागतो. लग्नाच्या मंजुरीचं प्रमाणपत्र 4 महिने चालतं. लग्न त्या मुदतीत व्हायला हवं. मुहूर्त काढायचा असेल तर हे प्रमाणपत्र हातात आल्यावरच काढा.

नावाची एक बाब आपल्या लोकांनी मुद्दाम बघावी. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. अर्जात ते जसंच्या तसं भरा. पुढे विवाह प्रमाणपत्रावर तेच छापून येतं, आणि एका अक्षराचा फरकही भारतात त्रास देतो.

आम्ही हॅम्बुर्गहून रेल्वेने ओडेन्स, तिथून स्वेनबोर्ग आणि मग फेरीबोटीने बेटावरच्या एरोस्कोबिंग गावी असे गेलो. बोटीला सव्वा तास लागतो. सीमेवर तपासणी होऊ शकते, त्यामुळे पासपोर्ट आणि परवाना बॅगेच्या तळाशी ठेवू नका. बेटावर आदल्या दिवशी पोचा, कारण मूळ कागद लग्नाआधी प्रत्यक्ष दाखवावे लागतात.

गाव अतिशय देखणं आहे. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, ठेंगणी रंगीत जुनी घरं आणि दारादारांत हॉलिहॉकची उंच फुलझाडं. वारा मात्र सतत वाहतो. नऊवारी नेसणार असाल तर सेफ्टी पिना भरपूर घ्या आणि पदर खांद्यावर दोन ठिकाणी घट्ट लावा. सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेल्या मोत्यांच्या मुंडावळ्या मी डब्यात घालून नेल्या होत्या. विवाह लावणाऱ्या बाईंनी आधी विचारून घेतलं, नावं कशी उच्चारायची, आणि दोनदा म्हणून पाहिलं. साक्षीदार दोन लागतात. नगरपालिकाच ते देते. विधी इंग्रजीत झाला, जेमतेम दहा मिनिटं. मंगळसूत्र घालताना त्या दोन्ही साक्षीदार बायका पुढे सरकून बघत होत्या. घरचे सगळे व्हिडिओ कॉलवर होते, आई रडत होती, मीही रडले. घरी आधीच मोकळेपणाने सांगितलं होतं म्हणूनच हे जमलं. लपवून करू नका, असं मनापासून सांगते.

प्रमाणपत्र इंग्रजी आणि जर्मनसह अनेक भाषांत मिळतं, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचतो. डेन्मार्कच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल मात्र करूनच घ्या. भारतात पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालताना तो उपयोगी पडतो. जर्मनीत परतल्यावर नगरपालिकेत वैवाहिक स्थिती बदलून घ्या, करवर्गाचंही (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा वर्ग) बघा.

जोडीदार भारतातून शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा) येणार असेल तर नीट लक्षात घ्या: डेन्मार्कमध्ये लग्न झालं म्हणून जर्मनीत राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी कुटुंब व्हिसा वेगळा लागतो आणि बहुधा भारतात परतूनच अर्ज करावा लागतो.

नंतर गावी वैदिक पद्धतीने लग्न लावलंत तर जरूर लावा, पण त्या तारखेने पुन्हा विवाह नोंदणी करू नका. दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं झाली की पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात खुलासे देत बसावं लागतं.