आमची वाटचाल : ग्राइंडरपुढचे ३,६०० शाफ्ट

दोन जुन्या लेथ, एक सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल नग घासून अचूक मापाला आणणारं मशीन) आणि माझे भागीदार, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. भागीदार हाडाचे टर्नर. कटचा आवाज बदलला की मायक्रोमीटर लावायच्या आत सांगायचे, इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड गेली. पुढे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा लेथ, आला, माणसं वाढली, काही वर्षं बरी गेली.

मग पंपाच्या शाफ्टची मोठी ऑर्डर आली आणि आम्ही बुडता बुडता वाचलो. सीएनसी उभा राहिलेला मला बघवत नसे, म्हणून तो दोन्ही पाळ्यांत चालवला. ग्राइंडर मात्र दिवसाला १२० नगच द्यायचा. त्याच्यापुढे ट्रेवर ट्रे चढले, खालच्या शाफ्टना गंज धरला, जॉब कार्डांची सरमिसळ झाली. सेंटर (शाफ्ट ग्राइंडरवर धरण्यासाठी टोकांना पाडलेली भोकं) बिघडलेले ४०० नग सापडले तेही ग्राइंडिंगला लावल्यावर. दहा दिवसांचा वायदा महिन्यावर गेला.

पंपवाले साहेब स्वतः आले. आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. ओरडले नाहीत. ट्रे मोजले आणि खडूने लोखंडी टेबलावर लिहिलं : ३,६०० भागिले १२०, म्हणजे ३० दिवस. म्हणाले, "तुमचं काम अडलेलं नाही, पडलेलं आहे." आत अडकलेले नग भागिले रोज बाहेर पडणारे नग, की लागणारे दिवस मिळतात. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली हा नियम गणिताने सिद्ध केला. मला तो त्या टेबलावर कळला.

त्याच महिन्यात शेजारच्या शेडवाल्याने आमचा सेटर (मशीनवर नवा जॉब लावून देणारा कारागीर) फोडला, दर पाडला आणि "त्यांचं दुकान बंद होतंय" असं साहेबांच्या स्टोअरपर्यंत पोचवलं. दर पाडणं मी समजू शकतो. पण ज्याला आम्ही अडीअडचणीला आमचे गेज वापरायला दिले, त्याने असं बोलावं?

त्यानंतर आम्ही ग्राइंडरला सांभाळून नग सोडायला लागलो. आत १,२०० पेक्षा जास्त नाहीत, मग सीएनसी उभा राहिला तरी चालेल. सेंटरची तपासणी ग्राइंडिंगच्या आधी आणली. पण लॉट, म्हणजे एका दमात काढायचे नग, ६०० चेच निघत, कारण जॉब बदलताना मशीन नव्याने लावायची, म्हणजे सेटिंगची, धास्ती. भागीदारांनी घड्याळ लावलं : १४० मिनिटं. सॉफ्ट जॉज (नग पकडणारे मऊ जबडे) शोधणं, ॲलन की शोधणं, ड्रॉइंग मागणं, हे सगळं मशीन थांबवून चालायचं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटातल्या १,००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं, ते हेच ओळखून : मशीन चालू असताना जे करता येतं ते थांबवून करायचं नाही. आम्ही प्रत्येक जॉबसाठी एक ट्रॉली केली. त्यात बोअर केलेले जॉज, लांबी लावलेली टूलं, गो-नोगो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं) आणि ड्रॉइंग. आदला लॉट चालू असतानाच ती मशीनशेजारी येते. सेटिंग ३५ मिनिटांवर आलं. लॉट केवढा काढावा याचं अमेरिकन इंजिनिअर हॅरिस यांचं १९१३ चं सूत्र आहे, त्यानुसार सेटिंगचा खर्च चौथाई झाला की लॉट निम्मा होतो. आम्ही ३०० वर आलो.

नवीन लोकांना सांगतो, दुसऱ्या मशीनचं कोटेशन मागवण्याआधी जमिनीवर पडलेले नग मोजा. आणि ज्या मशीनपुढे ढीग आहे, तिथे जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस उभा करा. तिथे गेलेला तास अख्ख्या कारखान्याचा जातो, बाकी मशीनवरचा गेला तर फारसं बिघडत नाही.

पुढची वर्षं सुरळीत गेली. साहेबांनी निम्मे शाफ्ट परत आमच्याकडे दिले. निम्मे अजून त्या शेडवाल्याकडेच आहेत. माल भरलेला त्याचा टेम्पो आमच्या दारावरून जातो, तेव्हा मी आजही बाहेर बघत नाही.